चिन्याच्या खानावळीतलं केळवण

माजा जलम होटगीचा. ठेसनाच्या अंगाला ग्यांगवाल्यांच्या पत्र्याच्या खोल्या हुत्या, उनाळ्यात आत बसवत नसायचं आशा, त्यातल्या कडंच्या खोलीत आमी ऱ्हायचो, आबा, मी आनि माजी बहीन तानीअक्का. आबा म्हंजे माजा बाप. आईचं त्वांड मला आठवत न्हाय, मानमोडीची साथ आली त्यात ती गेली, तवा मी नुसती दुडदुडत हुते, आनि अक्का म्हनाल तर तीबी लहानच की, परकरातली, पन त्या दिसापास्नं तिनं मला कडंवर घितलं ते खाली म्हनून ठिवलं न्हाय. पानी आनायला गेली तरी मी कडंवर, शेन गोळा करायला गेली तरी मी कडंवर, बाया म्हनायच्या, आगं टाक तिला खाली, तुजी कंबर वाकडी हुईल, तर म्हनायची, हुंद्या.

आबा ग्यांगमन. खांद्यावर हातोडा घ्यायचा आनि रुळावरनं चालत सुटायचं, कुटं खिळा सैल झालाय का, कुटं खडी सरकलीया का बगत. त्याचं आईबाप मोट्या दुष्काळात गेलं, सरकारी कामावर खडी फोडता फोडता, आनि त्यो तसाच लाईनीच्या कडंला वाडला, कुनी टाकलेल्या तुकड्यावर, म्हनून रेल्वे म्हंजे त्याला सगळंच. चांगला हुता वो आबा, दारू न्हाय, हात उगारनं न्हाय, पन बोलायचा लई कमी, आनि एकदा का कुनाकडनं त्वांड फिरवलं की फिरवलं, मग देव आला तरी वळायचं न्हाय.

अक्काचं लगीन आबानं गावातच लावलं, का तर शेवंताकडं कोन बगनार म्हनून. शेवंता म्हंजे मी. नवरा बरा हुता तिचा, पन पटकीनं गेला, एका दिसात गेला, आनि सासरच्यांनी तिला परत आबाच्या दारात आनून सोडलं. मग आबानंच तिला सोलापुरात गिरनीत लावली, सूत गुंडाळायच्या खात्यात. सकाळच्या गाडीनं जायची, सांजच्या गाडीनं यायची, केसात कापूस आडकलेला, पदरात माज्यासाटी फुटानं न्हायतर रेवड्या बांदलेल्या. मी फाटकापशी हुबी. काय सांगू तुमाला, त्या गाडीची शिट्टी ऐकली की मला भूक लागायची.

आता त्या चिन्याचं सांगते, नायतर तुमाला वाटंल ह्यो मदीच कुटनं आला. त्यो आदी जहाजावर सैपाकी हुता. मग म्हमईला उतरला, रेशमी कापडाचं गाठोडं पाटीवर घिऊन गावोगाव हिंडाय लागला, आनि कुनीतरी त्याला सांगितलं सोलापूर म्हंजे कापडाचं गाव, म्हनून ह्यो आला सोलापुरात कापड इकायला! आता सोलापुरात कापड कोन घेतंय? वर ताप आला, हिवताप, लई दिस पडून हुता, एका तेलंगी साळ्याच्या वट्यावर, त्या साळ्याच्या बायकूनं त्याला पेज पाजली म्हनून जगला. बरा झाल्यावर म्हनला, आपल्याला काय येतं, सैपाक येतो, आनि ठेसनाच्या मागच्या गल्लीत त्यानं मासळीची खानावळ टाकली. म्हमईच्या मेलनं पेट्या यायच्या, बर्फ, भुसा, वर वल्लं गोनपाट, आनि आत समिंदरची मासळी, पापलेट, कोळंबी, नांग्या बांदलेलं जित्तं खेकडं. गार्ड, डायवर, फायरमन, तेलंगी लोक, मुसलमान, सगळी तितं जेवायची. त्याचं नाव आ-पो का कायतरी हुतं, ते कुनाला म्हनता येईना, मग लोकांनी त्याचं आप्पा केलं. आमच्या भागात आप्पा काय घरोघरी आसत्यात, त्यात एक ह्यो.

गिरनी सुटली आनि गाडीला येळ आसला की बाया त्याच्या वट्यावर टेकायच्या. त्यो बिनदुदाचा पिवळा च्या द्यायचा सगळ्यांस्नी. अक्काला मराटी शबुद इचारायचा, ह्येला काय म्हनत्यात, त्येला काय म्हनत्यात, आनि ती सांगायची. दोन-तीन सालं आसंच चाललं हुतं. मग एक दिस त्यो होटगीला आला की वो, आमच्या दारात, साखरेचा पुडा घिऊन, रीतसर, आबाम्होरं हुबा ऱ्हायला आनि म्हनला, तुमची मुलगी मला द्या, मी तिला मारनार न्हाय. तेवडंच मराटी पाट करून आला आसल. आबानं त्याच्याकडं बगितलं न्हाय, साखरंकडं बगितलं न्हाय, हातोडा उचलला आनि लाईनीवर निगून गेला. अक्का उंबऱ्यात बसली हुती. म्हनली, शेवंते, मी हितं ऱ्हायले तर आशीच बसून मरनार गं. आनि आठवड्यानं गेली. ठेसनाम्होरल्या मारुतीपुडं पाट लागला.

आमच्यात रांडवंचा पाट लागतो, दुसरं लगीनच ते, त्यात काय न्हाय, पन चिन्यासंगं? ज्याची जात ठावं न्हाय, गाव ठावं न्हाय, बेडकं खातो म्हनं, कुत्री खातो म्हनं, लोक काय काय बोलायची. आबाला कुनी इचारलं तर म्हनायचा, मला एकच लेक हाय. माजा जीव तुटायचा. अक्का मला भेटायची कशी म्हनाल तर गाडीत. मैन्यातनं कवातरी होटगीवरनं जानाऱ्या गाडीत बसायची, गाडी आमच्या ठेसनात थांबायची तेवड्यापुरती खिडकीतनं हात बाहिर काडायची, माजं त्वांड दोनी हातात धरायची, कायतरी पदरात टाकायची, की गाडी सुटली. आबाला ठावं हुतं. त्या येळंला त्यो मुद्दाम लाईनीच्या पल्याडच्या अंगाला जायचा, तिकडं त्वांड करून हुबा ऱ्हायचा. पन मला कवा तू जाऊ नको म्हनला न्हाय, ह्येबी सांगितलं पायजे.

सोलापुरात मार्शल लॉ लागला हुता नव्हं, त्याच्या म्होरल्या साली माजं लगीन ठरायला लागलं. मैंदर्गीचं ठिकान. मुलगा रेल्वेच्या कारखान्यात हुता, मुलाचा बाप, त्यांस्नी तात्या म्हनायचे, शेतकरी मानूस, उंचापुरा, मराटी बोलता बोलता मदीच कानडी सुरू व्हायचं त्येंचं. त्यांनी इचारलं, मुली किती? आबा म्हनला, एकच. मी आत चुलीपशी बसून ऐकत हुते.

तिकडं अक्काला कळलंच. खिडकीतनं म्हनली, शेवंते, तुजं केळवान मी करनार. केळवान तुमाला ठावं आसल, लगनाआदी नातेवाईक नवरीला आनि तिच्या मानसांस्नी जेवायला बोलवत्यात, वटी भरत्यात. म्हनली, आबाला सांग, लगीन झालेली बहीन केळवान करती ही रीत हाय, मी काय येगळं मागत न्हाय. मी म्हनलं, अक्का, आबा येनार न्हाय. तर म्हनली, तू तर येशील? गाडी सुटली, मला व्हय म्हनायला बी गावलं न्हाय.

सुपारी फोडायला तात्या आले, ग्यांगवाली चार मानसं बसली, मला पाट मांडून बसवलं. आनि मला काय झालं ठावं न्हाय, माज्या तोंडातनं निगालं, मी म्हनलं, तात्या, मला एक बहीन हाय. म्हनलं, सोलापुरात आसती, चिन्याची बायकू हाय, आई मेल्यावर तिनं मला वाडवलं, तिनं केळवान केल्याबिगर मी हळद लावून घेनार न्हाय. आवो, पोरीनं आसं बोलायचं म्हंजे काय! आबाची मान खाली. तात्या त्याला म्हनलं, पाव्हनं, खरं का हे? तात्यांनी सुपारी हातात घिऊन बराच येळ फिरवली आनि परत तबकात ठिवली, फोडली न्हाय. म्हनलं, केळवान हुंद्या. मीबी येतो. कुटं पोरगी जेवती ते डोळ्यांनी बगतो, मग काय ते ठरवू.

म्हंजे बगा, माजं लगीन त्या जेवनावर टांगलं गेलं. आबा त्या दिसापास्नं माज्याशी बोलला न्हाय, पन केळवानाच्या दिवशी धुतलेलं धोतर नेसला, पटका बांदला, आनि म्होरं चालाय लागला. आपल्या तोंडानं तात्यांस्नी शबुद दिला नव्हता, तरी गेला. गाडीत आमी तिगं, आबा, मी आनि तात्या, मयताला निगाल्यावानी.

खानावळीच्या दाराला तांबडा कागूद लावलेला, वर आंब्याची पानं. त्येंच्या मुलखात लगनाला तांबडं लागतं म्हनं, आनि आमच्यात आंबा, म्हनून दोनी. आत मेजं हुती ती अक्कानं भितीला सरकवून खाली घोंगड्या टाकल्या हुत्या, आबा खुर्चीवर बसनार न्हाय हे तिला ठावं. त्या दिवशी गिऱ्हाइकं बंद. आप्पा दारातच हुबा, पांढरा सदरा, आनि वडीलधाऱ्याम्होरं उगड्या डोक्यानं जाऊ नये म्हनून अक्कानं त्याला टोपी घालाय लावली हुती, ती त्याच्या डोस्क्यावर बसंना, सारकी हातानं दाबत हुता. पाय धुवायला पानी त्यानं सोता दिलं. तात्यांनी धुतलं. आबानं तांब्या त्याच्या हातनं घितला न्हाय, त्यानं खाली ठिवला, मग उचलला.

पानं वाडली. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटनी, शेवयाची खीर, हे अक्काचं. आनि मग त्याचं यायला लागलं, लालबुंद कोळंबी, कवचासकट खेकडं, भात, आनि मदी एका मोट्या थाळ्यात सबंद मासा, डोक्यासकट शेपटीसकट, वाफंवर शिजवलेला, वर आल्याचं बारीक काप आनि कांद्याची पात. तेलाचा थेंब न्हाय, तिकाट न्हाय. मी जलमात समिंदर बगितला नव्हता, आनि त्यो मासा आसा उगड्या डोळ्यानं बगतोय. आप्पानं थाळा खाली ठिवला आनि हळूच फिरवला, माशाचं त्वांड आबाकडं यील आसा. अक्का भितीशी हुबी हुती, तितनंच म्हनली, तेंच्यात मोट्या मानसाकडं त्वांड करत्यात माशाचं. त्येनं हात लावल्याबिगर कुनी जेवत न्हाय.

आबानं हात लावला न्हाय.

आमी बसलो. भात निवाय लागला. बाहिर कुटंतरी इंजन पानी घेत हुतं त्याचा आवाज येत हुता, तेवडाच. मी तात्यांकडं बगते, तात्या आबाकडं बगत्यात, आनि आबा आपल्या मांडीकडं.

मग तात्याच बोललं. आप्पाला म्हनलं, रागावू नका, मी खेड्यातला मानूस, सरळ इचारतो, तुमी बेडकं खाता म्हनत्यात, खरं का? आप्पानं टोपी काडली, मांडीवर ठिवली. म्हनला, खातो. आमच्या नदीला पूर आला, घर गेलं, शेत गेलं, बाप गेला. मग खायला न्हाय. झाडाची साल खाल्ली. माती खाल्ली. माजी लहान बहीन माती खाऊन मेली. मग बेडूक गावला तर बेडूक, आईनं शिजवला, सोता खाल्ला न्हाय, मला दिला. मग आईनं मला जहाजावर घातलं. जा म्हनली, तितं भात आसल. त्याची मराटी तुटकी, एकेक शबुद हुडकून बोलायचा, त्यामुळं ते आनिकच लागायचं. म्हनला, तुमाला वाईट वाटलं तर माफी करा, पन खोटं सांगनार न्हाय, मुलीचं लगीन हाय.

तात्या जरा म्होरं सरकलं. मग म्हनलं, मोट्या दुष्काळात आमच्या म्हातारीनं आमाला निवडुंगाची बोंडं घातली. काटं जाळून. आजून माज्या तोंडाला चव येती त्याची.

आबानं मान वर केली. आमच्या आबानं दुष्काळाचं कवा काडलं न्हाय घरात, आमी इचारलं तरी उठून जायचा. त्यानं आप्पाकडं बगितलं, पैल्यांदा, सरळ तोंडाकडं, आनि लई येळ बगितलं. मग हात म्होरं केला, माशाचा एक तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला. आमी सगळी त्याच्या तोंडाकडं बगतोय. आनि म्हनला, तानी, मीठ दे गं.

चार सालं, पाच सालं झाली आसतील, त्या तोंडातनं तिचं नाव आलं नव्हतं. अक्का आत गेली ती मिठाला गेली, पन येईना. आत भांड्याचा आवाज न्हाय, कायच न्हाय. आप्पा उठाय लागला तर आबानं त्याला हातानं बस म्हनून खुनावलं. मग ती आली, डोळं पुसून आली हुती पन कळतंच की, पानात मीठ वाडलं, आनि मागं सराय लागली तसा आबा म्हनला, जेवलीस का तू? ती म्हनली, तुमचं झाल्यावर. आबा म्हनला, बस. आवो, आमच्यात बापय जेवताना बाया बसत नव्हत्या तवा, पन आबा म्हनला बस, आनि माज्याकडं सरकून तिला जागा केली. ती बसली. मग आमी सगळी जेवलो. कोळंबी कशी सोलायची ते आप्पानं तात्यांस्नी शिकवलं. तात्यांनी खेकड्याची नांगी दातानं फोडली. मी काय खाल्लं मला आठवत न्हाय, मी अक्काच्या मांडीला मांडी लावून बसले हुते, लहान आसल्यावानी.

जेवल्यावर तिनं माजी वटी भरली आनि तात्यांनी तितंच सुपारी फोडली. पन सगळंच गोड झालं आसं न्हाय हां, खरं ते सांगते. तात्या म्हनलं, बहीन लगनाला यिऊ द्या, मानानं यिऊ द्या, पन तुमी, आप्पाला म्हनलं, तुमी मांडवात यिऊ नका. माजं मन न्हाय आसं न्हाय, पन माजी भावकी हाय, त्यांची त्वांडं मला धरता येनार न्हायती. आप्पा म्हनला, बरं. अक्का कायतरी बोलनार हुती, त्यानं मान हलवली, नको.

लगीन होटगीत झालं. आप्पा आला हुता. मांडवाबाहिर, लाईनीच्या कडंला लिंबाखाली हुबा हुता, टोपी घालून. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आनि मी मुंडावळ्यांतनं बगते तर आबा वाडलेलं पान दोनी हातात धरून मांडवातनं बाहिर निगालाय. मैंदर्गीची सगळी भावकी बगतीय. लिंबाखाली गेला, पान त्याच्याम्होरं ठिवलं आनि म्हनला, पाव्हनं, जेवा. आनि त्यो जेवंस्तवर तितंच उकिडवा बसला, पंगत सोडून. तात्या काय बोललं न्हायत. भावकी बोलली, मागनं लई बोलली, मला सासरी चार सालं ऐकून घ्यावं लागलं, चिनीनीची बहीन म्हनायच्या सासूच्या जावा. ऐकलं. घरवाला बरा हुता माजा, कानावर पडलं की म्हनायचा, सोड.

पुडं आबाची नोकरी संपली, रेल्वेची खोली सोडावी लागली, तवा मी म्हनलं माज्याकडं ऱ्हावा, तर म्हनला, लेकीच्या सासरी ऱ्हात न्हायत. आनि गेला अक्काकडं! मी म्हनलं, आबा, आनि तिचं सासर न्हवं का ते? तर म्हनला, त्याचं आईबाप कुटं हायत हितं, त्यो एकटाच हाय. खानावळीच्या वट्यावर बसून कोळंबी सोलायचा आबा. दोगं एकमेकांशी बोलायची न्हायत फारसं, एक सोलायचा, एक चिरायचा.

मग तिकडं चिनाच्या मुलखात लढाई लागली. जपान्यांनी गावंच्या गावं जाळली म्हनून बातम्या यायच्या, आप्पा कुनाकडनं तरी पेपर वाचून घ्यायचा. त्याची म्हातारी तिकडं जिती हुती. अन्न जाईना त्याला. अक्काच म्हनली, जावा, आईला घिऊन या, आमी हाय हितं. गेला. म्हमईच्या गाडीत बसवायला आबा गेला, मी गेले, अक्का ठेसनात आली न्हाय, घरीच ऱ्हायली, चुलीवर कायतरी हाय म्हनली. गाडी सुटताना त्यो आबाच्या पाया पडाय वाकला तर आबानं त्याला वाकूच दिलं न्हाय, खांदं धरून ठिवलं. तेवडंच. मागनं मोटी लढाई लागली, जहाजं बंद झाली म्हनत्यात. त्यो आला न्हाय. जिता हाय की मेला, काय बी कळलं न्हाय.

आबा रोज मेलच्या येळंला ठेसनावर जायचा, पेट्या उतरवून घ्यायला, आनि सगळं डबं बगत बगत शेवटापतूर जायचा. पेट्या तर पुडच्या डब्यात आसायच्या. हमाल हसायचं न्हायत त्याला, जाऊ द्यायचे. आसाच एका थंडीत गेला आबा, अक्काच्या मांडीवर. अक्कानं खानावळ चालवली. पोटी काय न्हाय तिच्या, माजी धाकटी लेक तिनंच वाडवली, आता मी त्याच लेकीच्या घरात बसून तुमाशी बोलतीया.

अक्का गेली त्याला काय लई सालं न्हाय झाली. झोपल्या जागी गेली, म्हातारी हून. मैंदर्गीची आमची बायामानसं आली, न्हाऊ घातलं आनि मग कुजबुज सुरू झाली, हिला नेसवायचं काय? सवाष्ण म्हनायची का रांडमुंड? येवडी सालं झाली, त्यो कशाला जिता आसल, पांढरं नेसवा. माजा घरवाला नव्हता तवा, तात्या नव्हते, आबा नव्हता, मीच मोटी. मी म्हनलं, मेल्याची खबर आलीया का? म्हनल्या, न्हाय. म्हनलं, कुनी आपल्या डोळ्यानं बगितलंय? न्हाय. मग आना हिरवं लुगडं. मी सोता तिला हिरवं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, आनि तिच्या कपाळभर कुंकू लावलं, लई लावलं, माज्या हातानं. मला रांडवीला त्यो आधिकार हाय का न्हाय मला ठावं न्हाय. कुनी आडवलं न्हाय.

चुकलं आसल तर देव बगून घील. देवालाबी कुटं म्हाईत हाय आप्पा तिकडं कसा हाय, का आसल म्हाईत, कोन जाने. आता माजं काय ऱ्हायलंय, लेक घालती ते खाते, वट्यावर बसते. तुमी येवड्या लांबनं आलासा, माजं ऐकून घितलं, कुनी इचारलं नव्हतं आजपतूर. तुमच्या घरी सगळी एका पंगतीला बसू द्या, माजं येवडंच म्हननं हाय.